विश्वास कारखानदारांचा, निधी कामगारांचा

१९६० साली संयुक्त राष्ट्रसंघाचे एक औद्योगिक पाहणी-पथक सिंगापुरात दाखल झाले. पथकाचे प्रमुख होते डच अर्थतज्ज्ञ आल्बर्ट विन्सेमियस. बेकारी, झोपड्यांची दाटी, कच्चा माल नाही, पिण्याचे पाणीदेखील शेजारच्या मलायातून आणावे लागे, अशा त्या बेटावर कारखानदारी उभी करण्याचा मार्ग त्यांना सांगावयाचा होता. अहवाल यथावकाश तयार झाला. परंतु त्याच्या जोडीला त्यांनी ली क्वान यू यांना दोन तोंडी सल्ले दिले आणि ली यांनी ते पुढे आपल्या आठवणींत अभिमानाने नमूद केले. पहिला सल्ला, कम्युनिस्टांचा निकाल लावा. दुसरा, रॅफल्सचा पुतळा जागचा हलवू नका.

स्टॅम्फर्ड रॅफल्स म्हणजे १८१९ साली ईस्ट इंडिया कंपनीसाठी त्या बेटावर वखार घालणारा अधिकारी. वसाहतवादाच्या जोखडातून सुटू पाहणाऱ्या देशाने वखारवाल्याचा पुतळा जपून ठेवावा, हा अर्थशास्त्रीय सल्ला कसा? विन्सेमियस यांचे उत्तर सरळ होते. युरोप-अमेरिकेतील भांडवलदार दुरून पाहत आहेत. पुतळा उभा राहिला तर त्यांना विश्वास वाटेल. ‘उद्योगजगताचा विश्वास’ या आज दर तिमाहीला टक्केवारीत मोजल्या जाणाऱ्या वस्तूचे मूळ स्वरूप इतके उघडपणे क्वचितच कोणी मांडले असेल. पुतळा राहू द्यावा आणि कामगारांचे पुढारी हलवावेत, हा त्याचा साधा अर्थ.

पुतळा आजही उभा आहे. पुढाऱ्यांचे काय झाले तेही सर्वज्ञात आहे. २ फेब्रुवारी १९६३ च्या पहाटे ‘ऑपरेशन कोल्डस्टोअर’ या नावाखाली शंभराहून अधिक डाव्या कार्यकर्त्यांना आणि कामगार पुढाऱ्यांना विनाचौकशी स्थानबद्ध करण्यात आले. बसकामगार आणि कारखाना-कामगार यांचे लाडके नेते लिम चिन सिओंग १९६९ पर्यंत कैदेत राहिले. बारिसान सोशालिस या पक्षाचे खासदार चिआ थाय पोह यांना १९६६ साली पकडले. खटला नाही, आरोपपत्र नाही, आणि तेवीस वर्षे तुरुंग. १९८९ साली तेथून काढून त्यांना एका लहानशा बेटावर ठेवले आणि अखेरची बंधने उठली ती १९९८ मध्ये. या अटकांमागे मलेशियात विलीन होण्याचे राजकारण होते, शीतयुद्ध होते, ब्रिटिशांचा हात होता. एका डच सल्लागाराच्या शब्दाखातर हे सारे घडले असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. परंतु गुंतवणुकीस आलेल्या कंपन्यांच्या हिशेबवहीत ते एकाच बाजूला जमा झाले, हे कोण नाकारील?

आता हा विश्वास मोजतात कसा ते पाहणे उद्बोधक आहे. सिंगापूरचे आर्थिक विकास मंडळ दर तीन महिन्यांनी काही शे कारखान्यांकडे प्रश्नावली पाठविते. येत्या सहा महिन्यांत परिस्थिती सुधारेल, तशीच राहील की बिघडेल, एवढे उत्तर व्यवस्थापनाने द्यावयाचे. मोठ्या कारखान्याच्या उत्तराला वजन अधिक. ‘सुधारेल’ म्हणणाऱ्यांच्या टक्केवारीतून ‘बिघडेल’ म्हणणाऱ्यांची टक्केवारी वजा केली की उरतो तो ‘निव्वळ भारित शेष’. समजा, ऐंशी टक्क्यांनी ‘तसेच राहील’ म्हटले, पंधरांनी ‘सुधारेल’ आणि पाचांनी ‘बिघडेल’, तर शेष अधिक दहा येतो. आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रे लिहितात की कारखानदार आशावादी आहेत. पाचातील चौघांनी काहीच विशेष सांगितलेले नाही, ही गोष्ट मथळ्यात मावत नाही. तरीही ही पाहणी निरर्थक आहे असे मानण्याचे कारण नाही. मागण्यांच्या नोंदवह्या कारखानदारांच्याच हातात असतात आणि पुढील सहा महिन्यांचे वारे त्यांना इतरांआधी जाणवते. आक्षेप मोजणीला नाही. मोजलेल्या आकड्याचा हुकूम म्हणून वापर होतो, त्याला आहे. प्रश्नावली त्याच कारखान्यातील यंत्रावर उभ्या असलेल्याकडे जात नाही. पुढील सहा महिन्यांत आपले घरभाडे, आपली नोकरी, आपले कामाचे तास यांविषयी त्याला किती विश्वास वाटतो, हे विचारून त्याचा शेष काढण्याची आणि तो उणे आला म्हणून मंत्रिमंडळाने तातडीची बैठक घेण्याची प्रथा कोणत्याच भांडवलशाही देशात पडलेली नाही.

पोलिश अर्थशास्त्रज्ञ मिखाऊ कालेत्स्की यांनी १९४३ साली पूर्ण रोजगाराच्या राजकारणावर लिहिलेल्या निबंधात या प्रथेचे मर्म सांगून ठेवले आहे. रोजगाराची पातळी जोवर खाजगी गुंतवणुकीवर आणि गुंतवणूक मालकांच्या मनःस्थितीवर अवलंबून आहे, तोवर मालकवर्गाला सरकारवर एक अप्रत्यक्ष पण जबरदस्त अंकुश मिळतो. त्यांचा विश्वास डळमळेल असे काहीही करावयाचे नाही, कारण तो डळमळला की गुंतवणूक थांबते, कारखाने बंद पडतात आणि दोष सरकारच्या माथी येतो. या अंकुशासाठी मालकांना निवडणूक लढवावी लागत नाही, मोर्चा काढावा लागत नाही. नुसते उदास दिसणे पुरते. कामगाराने काम थांबविले तर तो संप. त्यासाठी नोटीस हवी, कारण हवे, कायद्याची परवानगी हवी. भांडवलाने काम थांबविले तर तो ‘विश्वासाचा अभाव’. त्याला नोटीस लागत नाही आणि त्याबद्दल अद्याप कोणावर खटला भरला गेलेला नाही.

परदेशी व्यापारावरच ज्याचे पोट आहे अशा देशात हा अंकुश किती खोल रुततो, त्याचे सिंगापूर हे नमुनेदार उदाहरण आहे. तेथील वस्तू व सेवांची एकूण आयात-निर्यात राष्ट्रीय उत्पन्नाच्या तिपटीहून अधिक भरते. राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा कारखानदारीतून येतो आणि त्या मालाला घरची बाजारपेठ जवळपास नाहीच. कारखान्याचा मालक परका, गिऱ्हाईक परके. आणि जोहोरचा किनारा जेमतेम एक किलोमीटर लांबीच्या बांधाने जोडलेला. ‘जमत नसेल तर आम्ही पलीकडे जातो’ हे वाक्य तेथे उच्चारावेसुद्धा लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये तर दोन्ही सरकारांनी जोहोर-सिंगापूर विशेष आर्थिक क्षेत्राचा करार करून पलीकडे जाण्याची वाट रीतसर बांधून दिली.

१९६८ च्या आरंभी ब्रिटनने आपले लष्करी तळ उठविण्याचा निर्णय जाहीर केला आणि देशापुढे संकट उभे राहिले. त्याच वर्षी दोन कायदे झाले. नेमणूक, बढती, बदली, कामाची वाटणी आणि कपात हे विषय सामुदायिक वाटाघाटींच्या कक्षेतून बाहेर काढून ते मालकांचे अनन्य अधिकार ठरविण्यात आले. संघटनेने मग बोलावयाचे तरी कशावर? अमेरिकी इलेक्ट्रॉनिक कंपन्या येऊ लागल्या आणि संप पाहता पाहता दुर्मिळ झाले. सरकारपक्षाशी बांधलेली नॅशनल ट्रेड्स युनियन काँग्रेस ही एकमेव मध्यवर्ती संघटना उरली. तिचा सरचिटणीस अनेक वर्षे मंत्रिमंडळातच बसत असे. मालकाशी भांडावयाचे कामगार-पुढाऱ्याने, आणि मालकाचा विश्वास सांभाळावयाचा मंत्र्याने. दोघांचे काम एकाच माणसाकडे दिल्यावर भांडण संपणारच.

या व्यवस्थेची खरी कसोटी १९८५ साली लागली. १९७९ पासून सरकारनेच राष्ट्रीय वेतन परिषदेमार्फत तीन वर्षे भरघोस पगारवाढीची शिफारस केली होती. स्वस्त मजुरीवरचे उद्योग जावेत आणि भारी यंत्रांचे यावेत, हा त्यामागील हेतू. १९८५ मध्ये अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक मालाची मागणी घसरली, जहाजबांधणी व तेलशुद्धीकरण मंदावले, बांधकामाचा फुगा फुटला आणि स्वातंत्र्यानंतर प्रथमच राष्ट्रीय उत्पन्न घटले. चौकशीस आर्थिक समिती बसली; तिचे अध्यक्ष ली सिएन लूंग, म्हणजे पंतप्रधानांचे चिरंजीव. उपाय काय निघाला? केंद्रीय भविष्यनिर्वाह निधीत मालकांनी भरावयाचा वाटा पगाराच्या २५ टक्के होता, तो एप्रिल १९८६ पासून १० टक्के करण्यात आला. पगार गोठविण्यात आले. कंपन्यांवरील प्राप्तिकर ४० टक्क्यांवरून ३३ वर आणला गेला.

या निधीचे स्वरूप ध्यानात घेतल्याखेरीज या घावाची खोली कळणार नाही. भारतातील प्रॉव्हिडंट फंडाप्रमाणे तो केवळ म्हातारपणाची काठी नाही. १९६८ पासून सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घराचा हप्ता कामगार याच खात्यातून फेडीत आला आहे. मालकाचा वाटा एका फटक्यात पगाराच्या पंधरा टक्क्यांनी कमी झाला. हप्ता मात्र तेवढाच राहिला. फरक घरखर्चाच्या पैशातून भरावा लागला. मंदी ओसरली, पुन्हा वाढ सुरू झाली आणि कामगारांच्या त्यागाने देश वाचला असे गौरवाने सांगितले गेले. मजुरीखर्च कमी झाल्याचा काही उपयोग झालाच नाही असे नव्हे. परंतु याच काळात अमेरिकेची मागणी परतली होती आणि १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन महागल्याने जपानी कंपन्या आपले कारखाने आग्नेय आशियात हलवीत होत्या. पाऊस पडला तो ढगांमुळे. श्रेय मिळाले यज्ञाला, आणि यज्ञात आहुती कोणाची होती हे सांगावयास नको.

एकदा यज्ञाचे फळ मिळाले की यज्ञ परंपरा होऊन बसतो. १९९७ च्या आशियाई अरिष्टानंतर, जानेवारी १९९९ पासून, मालकांचा वाटा २० वरून पुन्हा १० टक्के करण्यात आला. २००३ साली १६ वरून १३. आज तो साधारणतः १७ टक्के आहे. १९८५ चे २५ टक्के पुन्हा कधीही परत आले नाहीत. कंपन्यांवरील कर मात्र ४० वरून उतरत उतरत २०१० साली १७ टक्क्यांवर आला आणि तेथेच आहे. अरिष्टाच्या वेळी दोघांनी सोसावयाचे, असे म्हणतात. परंतु एकाचे सोसणे म्हणजे देणे कमी होणे आणि दुसऱ्याचे सोसणे म्हणजे घेणे कमी होणे, असा हा समान वाटप आहे.

त्या काळातील एक प्रसंग संघटना बांधणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. जानेवारी १९८६ मध्ये हायड्रिल या तेलविहिरींची सामग्री बनविणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या कारखान्यात दोन दिवसांचा संप झाला. संघटना बांधल्याबद्दल कामगारांना काढल्याची तक्रार होती. संपाला मंजुरी देणारे सरचिटणीस ओंग टेंग चिओंग स्वतः उपपंतप्रधान होते. आपण हे मंत्रिमंडळाला सांगितलेच नव्हते, सांगितले असते तर संप होऊ दिला गेला नसता, व्यापारमंत्री संतापले, अमेरिकेतून विचारणा झाली, असे त्यांनी २००० साली एका मुलाखतीत सांगितले. आणि फलित? दोन दिवसांत तंटा मिटला. व्यवस्थापन आडमुठेपणा करू शकत होते ते संप होणारच नाही या खात्रीवर. ती खात्री डळमळताच वाटाघाटी सुचल्या. अर्थात मालकांचा ‘विश्वास’ दोन दिवस थोडा ढळला आणि सिंगापूर बुडाले नाही. उलट पुढील वर्षी वाढीचा वेग चढाच राहिला. एवढा धडा हाती असूनही त्यानंतर तेथे पुन्हा संप झाला तो २०१२ साली, आणि तो केला चीनमधून आणलेल्या १७१ बसचालकांनी. त्यांच्यातील काहींना तुरुंगात टाकण्यात आले, अनेकांना मायदेशी धाडण्यात आले.

परक्या मजुरांचा विषय निघालाच आहे तर एक आकडा पुरे. कारखाने, गोद्या आणि बांधकामे यांवर राबणारे तीन लाखांहून अधिक बांगलादेशी, भारतीय व चिनी कामगार वसतिगृहांत दाटीवाटीने राहतात. २०२० च्या साथीत त्यांच्यापैकी ४७ टक्क्यांना कोरोनाची लागण झाल्याचे सरकारनेच त्या वर्षअखेर जाहीर केले. शहरातील इतर रहिवाशांमध्ये हे प्रमाण नगण्य होते. विश्वासनिर्देशांकाच्या तळाशी कोण झोपते, ते या आकड्यात दिसते.

२०२५ च्या घटनांनी या साऱ्या तत्त्वज्ञानाचे पितळ उघडे पाडले. अमेरिकेशी सिंगापूरचा मुक्त व्यापार करार २००४ पासून अमलात आहे. अमेरिकी मालावर सिंगापूर जकात घेत नाही. दोघांच्या व्यापारात वाढावा अमेरिकेचाच आहे. तरीही एप्रिल २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी सिंगापूरवर दहा टक्के जकात लादली. साठ वर्षे पुतळा जपला, संप मोडले, कर उतरविले, आणि एका सकाळी वॉशिंग्टनच्या हिरवळीवर फलक झळकला तेव्हा यांतील काहीही कामास आले नाही. कारखानदारांचा मनोभंग झाला. सरकारने वर्षाच्या वाढीचा अंदाज १ ते ३ टक्क्यांवरून ० ते २ टक्क्यांवर आणला. पुढे काय झाले? जकात चढण्यापूर्वी माल नेण्याची घाई उडाली, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांसाठी लागणाऱ्या चिप्सची मागणी वाढली. ऑगस्टमध्ये अंदाज दीड ते अडीच टक्के झाला आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे ४ टक्के! मधल्या सात महिन्यांत ना कामगार अधिक शिस्तीचा झाला, ना मजुरी उतरली. विश्वास खचला तो ट्रम्पमुळे आणि मागणी वाढली ती अमेरिकेतील संगणक-केंद्रांमुळे. व्यापारावलंबी देशात कारखानदाराची मनःस्थिती ठरते ती परक्या बाजारात. मग तिचा इलाज घरच्या कामगाराच्या पगारपाकिटात का शोधावयाचा? कारण एवढेच की ट्रम्प सरकारच्या हाती लागत नाही, कामगार लागतो.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते आणि ते टाळण्यात अर्थ नाही. सिंगापूरचा कामगार आज सुखवस्तू आहे; मग तक्रार कसली? त्याचे जीवनमान वाढले हे खरेच आहे. परंतु ते कशाने वाढले, ते प्रशंसक सांगत नाहीत. १९६६ च्या भूसंपादन कायद्याने सरकारने जमीन स्वस्तात ताब्यात घेतली. आज सुमारे नव्वद टक्के जमीन सरकारची आहे. ऐंशी टक्क्यांच्या आसपास रहिवासी सरकारी मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. बंदर, विमानकंपनी, दूरध्वनी, मोठी बँक यांत सरकारी भांडवल आहे. जमिनीवरील खाजगी मक्तेदारी मोडणे आणि घर हा बाजारातील सट्ट्याचा विषय होऊ न देणे, ही त्या देशाची खरी करामत. मालकांच्या मनोधैर्याचा तिच्याशी संबंध नाही. किंबहुना जमीनमालकांचे मनोधैर्य खच्ची करूनच ती साधली.

मुंबईला सिंगापूर करू म्हणणाऱ्यांना हा अर्धा भाग नको असतो. गिरणगावाकडे पाहावे. बंद गिरण्यांच्या जमिनीचा एकतृतीयांश महापालिकेला, एकतृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला, असा नियम १९९१ साली होता. २००१ साली त्यात दुरुस्ती करून वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती ठेवली गेली आणि कामगारांच्या घरांचा वाटा आक्रसला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती ग्राह्य धरली. हा झाला मुंबईचा सिंगापूर: पुतळा ठेवावयाचा, घरे गाळावयाची.

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापुरात जाऊन भारतात अनेक सिंगापुरे निर्माण करण्याची इच्छा बोलून दाखविली. ४ सप्टेंबर २०२५ रोजी ते आणि सिंगापूरचे पंतप्रधान लॉरेन्स वाँग यांनी दिल्लीत बसून उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील सिंगापुरी कंपनीच्या कंटेनर धक्क्याच्या दुसऱ्या टप्प्याचे उद्घाटन केले. आदल्याच दिवशी, ३ सप्टेंबर रोजी, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाचे कमाल तास दिवसाला नऊवरून बारा करण्यास मान्यता दिली. तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ केली. कारण सांगितले ते गुंतवणूक आकर्षित करण्याचे. दोन घटना लागोपाठ येणे हा योगायोग असेल. विचारसरणी एकच आहे हा योगायोग नव्हे. जेमतेम आठवड्यापूर्वी, २७ ऑगस्टपासून, भारतीय मालावरील अमेरिकी जकात ५० टक्क्यांवर गेली होती. बारा तास राबल्याने तीतील एक टक्काही उतरणार नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि कामगारकपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. महाराष्ट्रातील बहुसंख्य कारखाने या रेषेच्या खालीच आहेत.

जादा तासांसाठी कामगाराची लेखी संमती आवश्यक राहील, असे मंत्रिमंडळाच्या निर्णयात म्हटले आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी येथील कंत्राटी कामगाराला त्या कागदाची किंमत ठाऊक आहे. नोकरीच्या पहिल्या दिवशी ज्या गठ्ठ्यावर तो सह्या करतो त्यातच तो एक कागद असेल. म्हणून शाखांनी या औद्योगिक वसाहतींत ही संमतिपत्रे गोळा करावीत. ती कोणत्या तारखेला, कोणापुढे घेतली, नकार देणाऱ्यास पुढल्या महिन्यात कंत्राटदाराने कामावर ठेवले की नाही, याची कारखानावार नोंद ठेवावी. आणि सुधारित तासांच्या अंमलबजावणीचा आढावा मागताना ती यादी कामगार आयुक्तांच्या टेबलावर ठेवावी.